‘असली खेळणी’: राखीव असेंडरवरील एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. गुहेतील उभ्या टप्प्यांसाठी छोटा राखीव असेंडर (दोरावर वर सरकणारे आणि भार येताच दोर पकडणारे उपकरण) कसा निवडावा, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तिचा आशय थोडक्यात देतो. लेखात उपकरणांची वजने कॅरॅबिनर (उघडमिट होणारी धातूची कडी) वगळून दिली आहेत. दातेरी उपकरण दोराचे आवरण फाडते ही गोष्ट मी दडवली आहे. चिखलाने दाते बुजले की पुढे काय, हे मी सांगितलेले नाही. आणि माझ्या स्वतःच्या हार्नेसला (अंगावर बांधायच्या पट्ट्यांना) काय अडकवलेले असते ते मी एकदा प्रामाणिकपणे जाहीर करावे, असे आपले म्हणणे आहे. या चार वाक्यांच्या मध्ये एक पाचवे वाक्य आहे, ते मात्र जसेच्या तसे उतरवतो: ‘‘अहो भाऊ, ज्याला प्रुसिक बांधता येत नाही त्यालाच असली खेळणी लागतात!!!’’ (प्रुसिक म्हणजे मुख्य दोराला बारीक दोरीचे वेढे देऊन बांधलेली, भार येताच धरणारी गाठ.)

वजनाचा मुद्दा मला मान्य आहे. टिब्लॉक या छोट्या दातेरी असेंडरचे वजन 35 ग्रॅम असे मी लिहिले होते, आणि कॅरॅबिनर घातल्याशिवाय ते दोर धरूच शकत नसल्यामुळे हार्नेसवर प्रत्यक्ष येणारे ओझे शंभर ग्रॅमच्या आसपास जाते, हे तिथेच नोंदवायला हवे होते. तशी भर आता लेखात घातली आहे. मात्र 53 ग्रॅमच्या नॅनो ट्रॅक्सियनला आणि 85 ग्रॅमच्या मायक्रो ट्रॅक्सियनलाही, म्हणजे पुली असलेल्या उपकरणांनाही, कॅरॅबिनर लागतोच, त्यामुळे तुलनेचा क्रम होता तसाच राहतो. आपण दाखवलेली उणीव खरी आहे. तिच्यातून आपल्याला जो निष्कर्ष हवा होता तो निघत नाही, इतकेच.

आता त्या पाचव्या वाक्याकडे वळतो. मतभेदाचे मला वावडे नाही, आणि दोरावरच्या तंत्राविषयी ज्यांच्याशी माझे कधीच पटलेले नाही अशी माणसे माझ्या जवळच्या मित्रांत आहेत. परंतु उद्गारचिन्हांची रांग लावल्याने युक्तिवादाचे बळ वाढत नाही, आणि स्वतःचे नाव लिहिण्याचे कष्ट न घेता समोरच्याला ‘भाऊ’ म्हणण्याची जी सलगी आपण दाखवली आहे ती मी आपल्याला दिल्याचे मला आठवत नाही. ‘प्रुसिक पुरेशी आहे, यंत्राची गरज नाही’ असे साधे वाक्य आपण लिहिले असते, तर मी दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो. आपण माझ्या मताऐवजी माझ्या हातांविषयी शंका घेतली आहे, तेव्हा थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

मी दोरावर चढायला शिकलो तो प्रुसिकवरच. आमच्या गटाकडे त्या काळी जुमारची, म्हणजे हातात धरायच्या असेंडरांची, एकच जोडी होती, ती ज्येष्ठांच्या वाट्याला जात असे, आणि नवख्यांना तीन दोऱ्या व भरपूर उपदेश देऊन दोराखाली उभे केले जाई. हातमोजे घालून, अंधारात, दोराकडे पाठ करून ती गाठ बांधता येईपर्यंत कोणालाही खाली उतरू दिले जात नसे. पुढे हीच शिस्त मी इतरांना शिकवली, आणि आजही माझ्याबरोबर पहिल्यांदा येणाऱ्याकडून मी सर्वांत आधी प्रुसिकच बांधून घेतो. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने 1931 मध्ये ही गाठ लोकांसमोर मांडली. युसी आणि मार्टी या दोघा स्विस गृहस्थांचा जुमार 1958 मध्ये आला. ब्रुनो ड्रेसलर आणि फेर्नां पेत्झल यांची गुहांसाठीची उपकरणे आली ती 1968 मध्ये. हा इतिहास मला ठाऊक नाही अशी आपली समजूत असेल, तर ती कशावरून झाली हे वाचायला मला आवडेल.

आणि ती गाठ इतक्या जवळून ओळखत असल्यामुळेच मी ती एकमेव राखीव साधन म्हणून सुचवत नाही. प्रुसिकची पकड मुख्य दोर आणि वेढ्याची दोरी यांच्या जाडीतील फरकावर अवलंबून असते. 11 मिमीच्या दोरावर 6 मिमीची दोरी तीन वेढ्यांत निमूटपणे धरून राहते, आणि प्रुसिकचे कौतुक करणाऱ्यांचा अनुभव बहुतेक वेळा अशाच जाड दोरावरचा असतो. गुहेत हल्ली 9 मिमीचा, आणि वजन वाचवायचे असेल तिथे 8 मिमीचाही दोर नेला जातो. 8 मिमीच्या दोरावर 6 मिमीची दोरी वेढून पाहा: फरक दोनच मिलिमीटरचा उरतो, आणि दोर ओला असून त्यावर चिकणमातीचा थर असेल तर गाठ धरता धरता सरकते. वेढे वाढवले की ती धरते खरी, पण मग प्रत्येक पावलानंतर आवळलेली गाठ बोटांनी उकलून वर ढकलावी लागते. 5 मिमीची दोरी घेतली की पकड सुधारते, पण त्याबरोबर तिची ताकद आणि झिजेला तोंड देण्याची क्षमताही घटते. जिच्यावर शरीराचा सारा भार टाकायचा त्या दोरीत मला ही काटकसर नको आहे.

माझा एक सहकारी एका ओल्या टप्प्याच्या मध्यावर असताना त्याच्या क्रोलचा (छातीवरच्या असेंडरचा) कॅम, म्हणजे दोर दाबून धरणारा दातेरी भाग, बारीक वाळू आणि चिखल अडकून मिटेनासा झाला. मी खाली उभा होतो. वरून पाण्याचे तुषार येत होते आणि तो हातातल्या असेंडरच्या दोरीवर लोंबकळत होता. आता आधार प्रुसिकचाच होता, आणि ती गाठ त्याला उत्तम येत होती. आमच्यांत त्याच्याइतकी सफाईने बांधणारा दुसरा नव्हता. पण हात गारठले की प्रत्येक वेढा लागला की नाही हे बोटांना कळत नाही, ते डोळ्यांनी तपासावे लागते, आणि तो तेच पुन:पुन्हा करत राहिला. तो वर पोहोचला, मात्र जेवढ्या वेळात तो एरवी दोनदा वर गेला असता तेवढा वेळ त्याला लागला. हार्नेसमध्ये हालचालीविना लोंबकळत राहणे काही वेळानंतर धडधाकट माणसालाही धोक्याचे ठरते आणि भिजलेल्या शरीराची उष्णता तर त्याहून लवकर जाते, हे माहीत असलेल्या माणसाने खाली उभे राहून तो वेळ मोजण्याचा अनुभव घ्यावा आणि मग माझ्यासमोर ‘खेळणी’ हा शब्द उच्चारावा.

माझ्या लेखाचा सारा भर याच प्रसंगावर होता, आणि आपण तो बहुधा वजनांच्या तक्त्यावरच सोडून दिला. राखीव उपकरण दुकानातल्या काट्यावर निवडू नये. आपले एक उपकरण निकामी झाले आहे आणि आपण दोराच्या मध्यावर आहोत असे धरून त्याला हातात घेऊन पाहावे. फ्रॉग पद्धतीने, म्हणजे आळीपाळीने बसत आणि उभे राहत, चढणाऱ्याच्या छातीवर क्रोल असतो आणि हातात फूटलूप (पाय ठेवायचा फास) लावलेला असेंडर. यांपैकी क्रोल गेला, तर राखीव उपकरण हातातल्या असेंडरच्या खाली दोरावर बसवून हार्नेसच्या मध्यकडीला आखूड जोडायचे, फूटलूपमध्ये उभे राहायचे, ते उपकरण वर सरकवायचे आणि त्यावर बसायचे. हातातला असेंडर गेला, तर राखीव उपकरण वर लावून फूटलूप त्याला द्यायचा, आणि हार्नेसपासूनची दोरीही त्यालाच जोडायची, कारण कोणत्याही क्षणी दोराला दोन ठिकाणी जोडलेले असणे ही अट राखीव उपकरणावर आल्याने सुटत नाही. यात प्रत्येक पावलाला ते उपकरण एका हाताने वर सरकते का, आणि भार येताच आपोआप धरते का, एवढेच पाहायचे असते.

जुन्या टिब्लॉकमध्ये स्प्रिंग नव्हती. ते प्रत्येक वेळी अंगठ्याने दोरावर दाबून धरावे लागे. तसे केले नाही तर ते धरण्याआधी घसरे आणि घसरताना दोर ओरबाडी. नव्या आवृत्तीत स्प्रिंग आहे, आणि माझ्या मते हा फरक चार ग्रॅमच्या बचतीपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. कॅरॅबिनर मात्र गोल किंवा लंबगोल छेदाचाच हवा, कारण दोर दाबला जातो तो त्याच्याच अंगाने. वजन वाचवण्यासाठी कडेने कोरलेले कॅरॅबिनर इथे चालत नाहीत. शिवाय कॅरॅबिनर उघडल्याविना ते दोरावर चढत नाही आणि उतरतही नाही, म्हणून रिबिले (दोर मध्येच पुन्हा बांधलेली जागा) ओलांडताना ते हातातून निसटण्याची भीती असते. ट्रॅक्सियन जातीच्या उपकरणांत पुली असल्यामुळे साथीदाराला किंवा सामानाला वर ओढण्यासाठीही ती कामी येतात, आणि छोट्या गटासाठी मी त्यांनाच झुकते माप दिले आहे. त्यांतल्या मायक्रोचा कॅम उघडा अडकवून ठेवता येतो. ती सोय ओढकामात चांगली, पण चढताना कॅम चुकून तसाच राहिला तर उपकरण धरणारच नाही, म्हणून भार टाकण्यापूर्वी एक हिसका देऊन पाहावा. हे सगळे लेखात होते. आपल्याला ते दिसले नाही, की दिसून सोयीचे वाटले नाही, हे आपणच जाणे.

आवरण फाटण्याविषयी मी काही दडवल्याचा आरोप मला गंभीरपणे घेता येत नाही. दातेरी कॅमने आवरण फाटते ते सर्वसाधारणपणे 4 ते 6 किलोन्यूटनच्या आसपास, आणि बारीक दोरावर काहीसे आधी. असेंडरांसाठीचे ईएन 567 हे युरोपीय मानक 4 किलोन्यूटनचा भार तोलण्याची अट घालते, आणि 80 किलोच्या माणसाचा स्थिर भार 0.8 किलोन्यूटनच्या घरात असतो. चढताना बसणारे हिसके धरले तरी मध्ये पुष्कळ अंतर उरते. ते अंतर संपते दोर ढिला ठेवून उपकरणावर कोसळल्याने, आणि तसे कोसळू नये हे वाक्य लेखात ठळक अक्षरांत आहे. ते वाचण्याची जबाबदारी लेखकाची नसते.

चिखलाबद्दल एवढेच सांगतो की, चिखल प्रुसिकलाही सोडत नाही. दाते बुजले तर ब्रशने साफ करावेत. यावर निराळा परिच्छेद लिहावा इतका तो मुद्दा मला मोठा वाटत नाही.

राहता राहिली हार्नेसची चौकशी. ती ज्या सुरात केली आहे तो सूर बाजूला ठेवून उत्तर देतो, कारण लपवण्यासारखे काही नाही. सध्या माझ्या हार्नेसच्या मागल्या कडीला नॅनो ट्रॅक्सियन असते, लंबगोल लॉकिंग कॅरॅबिनरसह. माणसे जास्त आणि टप्पे छोटे असतील तेव्हा त्याऐवजी स्प्रिंगवाले टिब्लॉक. त्याच्या शेजारी 6 मिमीच्या दोरीचा एक फासही असतो. तो पाहून आपल्याला आनंद होईल याची मला कल्पना आहे, म्हणून त्याचे काम इथेच सांगून ठेवतो: फूटलूप आखूड पडला तर तो वाढवायला, सामानाची पिशवी लोंबती ठेवायला, आणि कधी दोर बांधताना एखाद्या दगडाला वेढा द्यायला. माझा दोर 9 मिमीचा असतो, त्यामुळे वेळ आलीच तर त्या फासाची प्रुसिकही बांधता येईल, आणि मी ती बांधीनही. पण तेव्हा राखीव उपकरणही हातातून गेलेले असेल, आणि आपण मला ‘भाऊ’ म्हणालात की नाही याची त्या वेळी मला फिकीर नसेल.

आपला,
लेखक