भेव वाटलं न्हाई का?

स्टुडिओत बसून युद्धाचा भोंगा वाजवणाऱ्यांवर माझा राग आहे, तो आज लिहूनच टाकतो.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू असताना आपल्या चॅनलांनी जे केलं ते तुम्हीही पाहिलंय. अँकर ओरडतोय, मागे सायरन. शेवटी सरकारलाच सांगावं लागलं की कार्यक्रमांत हे सायरन वापरू नका, उद्या खरा वाजला तर लोक उठायचे नाहीत. कराची बंदर उडवल्याचीही बातमी चालली. बंदर जागेवरच होतं.

मी खरा भोंगा ऐकलाय. मार्च २०२२, युक्रेनमधलं ल्विव्ह. लातूर-नांदेडची पोरं तिकडं एमबीबीएसला का जातात हे इथल्यांना सांगायला नको. नीटचे मार्क कमी पडतात आणि इथल्या खासगी कॉलेजची फी शेत विकूनही भरत नाही. त्या पोरांच्या बातमीसाठी गेलो होतो. ऑपरेशन गंगामधून साडेबावीस हजारांच्या आसपास भारतीय परत आले आणि इकडच्यांसाठी बातमी संपली. मी थोडा मागे राहिलो.

गावी आल्यावर पुरुषांनी विचारलं, "रणगाडा बघितलास का?" एका मावशीनं विचारलं, "भेव वाटलं न्हाई का रे?"

वाटलं की, मावशी. पण भीती फार रटाळ असते. झोपताना बूट काढायचे की नाही, फोन चार्ज आहे का, हेच डोक्यात. खोलीत शिरलं की आधी खिडकी किती लांब ते बघायचं. तिथला नियम असा की बाहेरच्या आणि तुमच्या मध्ये दोन भिंती हव्यात. पहिली स्फोट झेलते, दुसरी त्या पहिलीचे तुकडे. म्हणून माणसं रात्र बाथरूमबाहेरच्या बोळकांडीत काढतात. १३ मार्चला यावोरिवच्या लष्करी तळावर क्षेपणास्त्रं पडली, ल्विव्हपासून जवळच. त्याच दिवशी कीव्हजवळ इरपिनमध्ये ब्रेंट रेनो हा अमेरिकन पत्रकार गोळीबारात गेला. त्यानंतर छातीवरची 'प्रेस' ही अक्षरं आपल्याला वाचवतात की दाखवतात, हे मला कळेना.

आणि आमचा ड्रायव्हर. बायको-मुलीला त्यानं पोलंडच्या गाडीत बसवलं. अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना देश सोडायची बंदी, म्हणून हा स्टेशनवरूनच माघारी फिरला. घरात आपल्याकडची चार भारतीय पोरं ठेवून घेतली, सीमेपर्यंत सोडली, आणि घेतलं काय, तर डिझेलचे पैसे. तेही मी बळंच दिले.

सगळं गोड होतं असं नाही. शेहिनीच्या सीमेवर आपल्या आणि आफ्रिकी पोरांना रांगेत मागं ढकलल्याचं पोरांनीच मला सांगितलं. त्याच रांगेत म्हाताऱ्या बाया हातात गरम सूप ठेवत होत्या, ढकललेल्यांच्याही. मला कुणी एकच बाजू लिही म्हटलं तर जमणार नाही.

आपणही तसेच. किल्लारीच्या भूकंपात गावोगावहून भाकरी आल्या हे अभिमानानं सांगतो. नंतर किती दिवस घरात झोपायला कुणी धजत नव्हतं, हे मात्र फारसं बोलत नाही. टीव्हीवाल्यांच्या युद्धात तर भाकरीही नाही आणि भीतीही नाही, नुसता आवाज.

माझ्याकडे परतीचं तिकीट होतं. गाझात बाहेरच्या पत्रकारांना स्वतंत्रपणे जाऊच दिलेलं नाही. तिथं बातमी देणारा स्वतःच तंबूत राहतो. कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्सच्या नोंदीत २०२४ मध्ये जगभरात किमान १२४ पत्रकार आणि माध्यमकर्मी मारले गेले, त्यात गाझातले सगळ्यात जास्त. त्यांच्या गावात त्यांना "रणगाडा बघितलास का" असं कोण विचारणार?

ड्रायव्हरचा मेसेज अधूनमधून येतो. २०२५ मध्ये तिकडं अठरा ते बावीसच्या मुलांना देशाबाहेर जायची मुभा मिळाली. त्याचा मुलगा आता त्या वयात आलाय, कॉम्प्युटर शिकायचंय म्हणतो. भारतात किती खर्च येईल, असं विचारलंय. नांदेड किंवा संभाजीनगरच्या विद्यापीठात परदेशी मुलांचा प्रवेश कसा होतो हे कुणाला नक्की माहीत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. ऐकीव नको.