तीन झोनचं घर आणि एक स्मार्ट थर्मोस्टॅट: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

दोन स्टार देताना तुमच्या तक्रारी अशा आहेत: डब्यावर ‘अर्ध्या तासात स्वतः बसवा’ असं असूनही आम्ही भरमसाट मजुरी लावली, एकाऐवजी दोन थर्मोस्टॅट घ्यायला लावले, उगाच नवीन वायर ओढली, आणि एवढं करूनही सकाळी घर लवकर तापत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या बऱ्याच मराठी घरांत हेच प्रश्न विचारले जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

तो अर्धा तास गरम हवा फेकणाऱ्या फर्नेसच्या घराचा. तिथे लागणाऱ्या तारा भिंतीत बहुधा आधीच असतात. तुमच्याकडे बेसबोर्डमधून, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवलेल्या हीटरमधून, गरम पाणी फिरतं. बॉयलर एक, झोन, म्हणजे वेगवेगळे तापवता येणारे भाग, तीन: खालचा मजला, वरच्या बेडरूम आणि गॅरेजवरची खोली. बेसमेंटमध्ये प्रत्येक झोनच्या पाइपवर मोटरचा एकेक व्हॉल्व्ह आहे. वरचा थर्मोस्टॅट फक्त वरचा व्हॉल्व्ह उघडतो. तो पूर्ण उघडला की त्याच्या आतला छोटा स्विच लागतो, आणि त्यानंतरच बॉयलर आणि पंप चालू होतात.

डब्यात आलेला सेन्सर बेडरूममध्ये ठेवला असता तर एकातच भागलं असतं, असं तुम्ही म्हणता. नसतं भागलं, ताई. सेन्सर तापमान कळवतो, व्हॉल्व्ह उघडत नाही. वर गारठा आहे असं कळलं तरी खालचा थर्मोस्टॅट खालचाच व्हॉल्व्ह उघडून बसणार. हॉलमध्ये घाम फुटेल आणि बेडरूम तशीच गार राहील. गॅरेजवरच्या खोलीत मात्र जुना साधा थर्मोस्टॅटच राहू द्या, असं आम्हीच सांगितलं. तिथे पाहुणे आले तरच कोणी झोपतं, मग तिसऱ्यावर खर्च कशाला?

आता वायर. तुमच्या भिंतीत दोनच तारा होत्या. साध्या थर्मोस्टॅटला तेवढ्या पुरतात. वायफाय आणि स्क्रीन चालवायला मात्र सतत २४ व्होल्ट लागतात, आणि त्यासाठी ट्रान्सफॉर्मरकडे परत जाणारी सी वायर. ती नसली की काही मॉडेल व्हॉल्व्हच्याच सर्किटमधून थोडी थोडी वीज खेचून आपली बॅटरी भरतात. फर्नेसवर ते बऱ्याचदा खपून जातं. झोन व्हॉल्व्हवर मात्र व्हॉल्व्ह गुणगुणायला लागतो, नाहीतर ऐन जानेवारीत बॅटरी उतरून स्क्रीन काळी पडते. असं घर आम्ही कोणाच्याही हवाली करणार नाही. जुनी वायर आत लाकडाला स्टेपल मारून पक्की केलेली होती, ओढून निघेना, म्हणून क्लोजेटच्या कोपऱ्यातून पाच तारांची नवी केबल बेसमेंटपर्यंत उतरवली. मजुरीचा मोठा भाग या कामाचा आहे, आणि तो सुरुवातीच्या एस्टिमेटमध्ये वेगळा लिहिलेला होता. ट्रान्सफॉर्मर ४० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे वीज पुरवायची क्षमता) आहे आणि तुमचा एकेक व्हॉल्व्ह सुमारे ८ व्हीए घेतो. तिन्ही एकदम उघडले तरी थर्मोस्टॅटपुरती वीज उरते, म्हणून तो बदलला नाही.

सकाळच्या गारठ्याची तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण घरात लहान मूल आहे. तुमचं शेड्यूल रात्री ६० फॅरेनहाइट आणि सहा वाजता एकदम ६८ असं आहे, तेही दोन्ही मजल्यांवर. पाण्याची हीटिंग हवेसारखी झटपट तापत नाही. आधी पाणी, मग बेसबोर्ड, मग खोली. त्यात दोन्ही मजल्यांनी एकाच वेळी मागणी केली की बॉयलरची उष्णता वाटली जाते. रात्री ६४-६५ च्या खाली उतरू नका. बेडरूमचं शेड्यूल आधी लावा, खालच्या मजल्याचं पाऊण तासाने. ॲपमध्ये ‘अर्ली रिकव्हरी’ किंवा तशा नावाचा पर्याय असेल तर तो चालू करा, म्हणजे थर्मोस्टॅट स्वतःच वेळेआधी सुरुवात करतो.

शेड्यूल लावायला अडचण आली तर दुकानात फोन करा. मी स्वतः येऊन लावून देईन, त्याचे पैसे नाहीत. आणि पाहुणे नसताना गॅरेजवरच्या खोलीचा झोन बंद करू नका, ५५ च्या खालीही नेऊ नका. तिथला पाइप बाहेरच्या भिंतीलगत जातो, कडाक्याच्या थंडीत तो गोठून फुटू शकतो.