‘जीभ आवरा’ म्हणणाऱ्या साहेबांना उत्तर

वजन उतरवण्यासाठी केलेल्या पोटाच्या ऑपरेशनचा (बॅरियाट्रिक सर्जरीचा) खर्च आणि तीन आठवड्यांची रजा मी कर्जात असताना कशी जमवली, यावरच्या माझ्या लेखाखाली परवा एक लांबलचक प्रतिक्रिया आली. नाव नाही, ‘निवृत्त बँक अधिकारी, ३४ वर्षं कर्जविभाग’ एवढीच ओळख. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: देणी असताना बॅरियाट्रिक सर्जरी ही चैन आहे, तुमचा विमा होता म्हणून निभावलं, ज्याचा नाही त्यानं हे वाचून पर्सनल लोन काढलं तर काय, आता वजन उतरवायची इंजेक्शनं निघाली आहेत, ‘नो कॉस्ट ईएमआय’ बिनव्याजी नसतो. आणि शेवटी, ‘बाईसाहेब, जीभ आवरली असतीत आणि रोज पहाटे चार किलोमीटर चालला असतात तर हे सगळं फुकटात झालं असतं.’

साहेब, ईएमआयचं तुमचं बरोबर आहे. ऑपरेशनच्या खर्चातले ४५ हजार मी कार्डाच्या ईएमआयवर टाकले, त्यावर प्रोसेसिंग फी लागली होती, आणि व्याज सवलतीत वळतं केलं तरी त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी माझ्याच कार्डावर पडला. सगळं मिळून हजाराच्या आत, पण मी स्वतः अकाउंट्समध्ये काम करते, ‘बिनव्याजी’ असं लिहायला नको होतं. दुरुस्त केलंय.

आता जिभेचं. बायपास झालेल्या माणसाला ‘तूप आवरलं असतंत तर’ असं तुम्ही तोंडावर म्हणाल का? तिथे आपण शहाळी घेऊन जातो. माझ्याकडे कुणी शहाळं आणलं नाही, कारण मी कुणाला सांगितलंच नव्हतं. ऑफिसात ‘हर्निया’ म्हणून रजा टाकली होती. का, ते तुमची प्रतिक्रिया वाचून कुणालाही कळेल.

पहिलं डाएट मी २००९ साली केलं, लग्नाआधी. त्यानंतर कोमट पाणी-मध, मग महिन्याला दीड हजार घेणाऱ्या आहारतज्ज्ञ बाई, मग २०१८ मध्ये दीक्षित डाएट, दिवसात दोनदाच जेवण, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत. त्यानं माझ्या चुलत दिराचं खरंच भलं झालं, तेव्हा पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. माझेही ११ किलो उतरले. दीड वर्षात १४ चढले. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर मी चार वर्षं चालले, साहेब. नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊक असेल तर डिसेंबरातले पहाटेचे साडेपाच काय असतात तेही ठाऊक असेल. गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा थांबले.

आणि भूक जिभेत नसते. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक सगळ्यात जास्त बनतं. वजन उतरलं की शरीर ते वाढवतं आणि जाळणं कमी करतं, म्हणून उतरलेलं परत चढतं. माझी झाली त्या स्लीव्ह सर्जरीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात, त्यात हा भागही जातो. ऑपरेशननंतर मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की दोन जेवणांच्या मध्ये माणसं जेवणाचा विचार न करता बसू शकतात. तुम्हाला ते जन्मतःच मिळालंय. त्याला तुम्ही संयम म्हणता.

‘चैन’ म्हणालात तेही घ्या. विमा नियामकानं २०१९ साली घालून दिलेली अट माझ्या पॉलिसीत शब्दशः होती: बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त, किंवा ३५ किंवा त्याहून जास्त आणि जोडीला हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह, आणि साधे उपाय फसलेले. माझी उंची पाच फूट दोन, वजन ११२, म्हणजे बीएमआय ४५. शुगर हाताबाहेर गेलेली. चैनीला विमा कंपनी पैसे देत नाही; मला ३ लाख ४० हजारांतले सव्वादोन लाख देतानाही तिनं दोनदा कागद परत पाठवले. बिलातली सगळ्यात जाड ओळ जठर कापून शिवणाऱ्या स्टेपलरच्या कार्ट्रिजेसची होती, ती निम्मी कापली. वरचे ७० हजार पीएफमधून काढले. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी तेव्हा स्वतःच्या हिश्शातून मिळायचे आणि परत भरावे लागत नव्हते. रजेचं म्हणाल तर पगार २१ हजारांच्या वर, त्यामुळे ईएसआयचा (कामगार विम्याचा) आजारपणातला ७० टक्के पगार माझ्या नशिबी नव्हता. २० जून २०२२ ला ३बी हे जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरलं, २२ ला ऍडमिट झाले, ११ जुलैला जीएसटीआर-१ या दुसऱ्या विवरणपत्राच्या दिवशी टेबलावर हजर. कामाचे सोळा दिवस: बारा साठवलेल्या, चार किरकोळ रजा, बिनपगारी एकही नाही. आदल्या दिवशी आषाढी होती. घरात साबुदाण्याची खिचडी, मला चार चमचे पातळ दही.

‘आधी कर्ज फेडा’ हे मी आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याकडून ऐकत नाहीये. माझ्या आईनं तेच केलं. वडिलांच्या मागे पतसंस्थेचं देणं नऊ वर्षं भरलं, शुगरची गोळी एक दिवसाआड खाऊन. पायाचं बोट काढावं लागलं तेव्हाही ‘एवढा हप्ता जाऊ दे’ म्हणाली. शेवटचा हप्ता भरून बेबाकी दाखला आणला, आणि अकरा महिन्यांत किडनीनं गेली. ५४ वर्षांची होती. दाखला अजून माझ्या कपाटात आहे. तुमच्या खात्यात असती तर तुम्ही तिला आदर्श कर्जदार म्हणाला असतात.

बाकी मुद्दे. इंजेक्शन: वजन उतरवणारं मौंजारो भारतात आलं मार्च २०२५ मध्ये. माझं ऑपरेशन २०२२ चं. आधी तारखा बघत चला. विमा नसलेल्यानं लोन काढलं तर: मी कुणाला काढा म्हटलेलं नाही, ज्यानं त्यानं आपलं बघावं. लेखातून सगळ्यांची सोय लावायला मी काही बँक नाही.

आणि हो, माझं सोनेतारण कर्ज अजून सुटलेलं नाही, दोनदा रिन्यू केलंय. हे तुम्ही विचारलं नव्हतंत, पण विचाराल म्हणून आधीच सांगते. माझं स्वतःचं पतसंस्थेचं कर्ज मात्र गेल्या मार्चमध्ये संपलं. वजन ७६, मध्ये ७२ होतं. बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियम जन्मभर, महिन्याला साधारण हजार रुपये. हे सगळं मूळ लेखातही होतं, तुम्ही बहुतेक जिभेपर्यंत पोचेस्तोवर दमलात.

प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही. पुन्हा लिहिलंत तर ‘बाईसाहेब’ नको, आणि उत्तराला उशीर होईल. आज १८ तारीख आहे, परवा ३बी.