अंगठेबहाद्दर

सकाळी आईला नवीन फोनवर मेलचं ॲप लावून देत होते. दहा मिनिटांचं काम तासभर चाललं आणि शेवटी मी तिच्यावर खेकसले. दिवसभर ते डोक्यात घोळतंय, म्हणून इथे ओततेय.

पासवर्ड टाकला आणि नेहमीचा तो पडदा आला. अमुक ॲपला तुमचं जीमेल खातं वापरू द्यायचं का? माझा अंगठा 'अनुमती द्या'वर टेकणार, तेवढ्यात आईनं फोन काढून घेतला. चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचायला लागली. सगळे ईमेल वाचणे, लिहिणे, पाठवणे आणि कायमचे हटवणे. थांबली. पुन्हा वाचलं. "अगं, हे तर कुलमुखत्यारपत्र झालं!"

आई 31 वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयात, म्हणजे जमीनजुमल्याचे दस्त नोंदवतात तिथे, कारकून होती. कुलमुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीनं सगळे व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. तिचा एक किस्सा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला पुतण्या असाच कागद करायला घेऊन आला होता. अंगठा शाईला लागलासुद्धा. "एसटी चुकेल, उरका," म्हणून पुतण्या मागे लागलेला. आई म्हणाली, आधी वाचून दाखवते. 'विक्री करणे' हे शब्द आले आणि म्हाताऱ्यानं अंगठा धोतराला पुसला.

तर मी खेकसले ते असं, "आई, सगळे देतात गं, दे पटकन, मला निघायचंय."

ती शांतपणे म्हणाली, "तो पुतण्याही हेच म्हणत होता."

राग आला. खरंच आला. मी काय तिची जमीन लुबाडतेय? पण रिक्षात बसल्यावर तो राग जिथे जायला हवा तिथे गेला. माणूस घाईत असतो, मेल अडलेली असते, नेमकं तेव्हाच हे विचारतात! 'द्या' नाहीतर 'रद्द करा'. रद्द केलं तर ॲप बंद. याला विचारणं म्हणतात?

हो, माहितेय, मित्रयादीतले आयटीवाले सरसावले असतील. मेलच्या ॲपला मेल वाचू दिली नाही तर ते दाखवणार काय? आणि बाहेरच्या ॲपला थेट पासवर्ड देण्यापेक्षा ही पद्धत बरी, 2022 च्या मे अखेरीपासून गूगलनं ती जुनी पद्धत बंद करायला घेतली ते बरंच झालं. मान्य. पण त्याच ॲपनं त्याआधी कॉन्टॅक्ट मागितले होते, मग लोकेशन. आईची मेल वाचायला आई कुठे उभी आहे हे कशाला लागतं?

दुपारी जेवताना सहज माझ्याच खात्याच्या सेटिंगमध्ये शिरले. सुरक्षा, मग बाहेरच्या ॲपची यादी. अकरा नावं! त्यातलं एक तिकिटांची आठवण करून देणारं. 2018 च्या केरळ ट्रिपला घेतलं होतं, परत आल्यावर काढून टाकलं. तो फोनही भंगारात गेला. पण फोनवरून ॲप काढलं म्हणून खात्यातली परवानगी जात नाही, ती तिथे जाऊन वेगळी काढावी लागते. म्हणजे इतकी वर्षं माझ्या मेलची एक किल्ली कुणाकडे तरी पडून होती. डबा तसाच ठेवून एकेक नाव उडवलं. चार ॲपं तर कशाची होती तेच आठवेना.

एम.कॉम. झालेली बाई मी. आईच्या ऑफिसात ज्यांना अंगठेबहाद्दर म्हणत, त्यांना निदान वाचून दाखवणारं कुणी होतं. आणि म्हाताऱ्याला निदान शाई तरी दिसत होती.

आता घरी आलेय. सॉरी म्हणायचं होतं, पण आमच्यात ते होत नाही, म्हणून कांदेपोहे केले. तिचा फोन टेबलावर तसाच आहे. शेजारी वही, त्यात ती चारही कामं नंबर घालून उतरवलेली, 'कायमचे हटवणे'खाली दोन रेघा. म्हटलं, चल, आता दोघी मिळून वाचू आणि काय ते ठरवू.

"आज नको," म्हणाली. "अमावस्या आहे. आमच्याकडे या दिवशी कुणी फिरकत नसे."