तिजोरीत खडखडाट असताना हेरपट कसा काढावा

साल १९६५. तुम्ही रोममधले निर्माते आहात. परवापर्यंत तुमचं दुकान हर्क्युलिसवर चाललं होतं: तेल चोपडलेले दंड आणि पुठ्ठ्याचे खांब. आता खांब पडताना बघायला कुत्रं फिरकत नाही. १९६२ मध्ये जेम्स बाँडचा ‘डॉक्टर नो’ आला आणि पब्लिकला सुटाबुटातला हेर हवा झाला.

घाबरू नका. हर्क्युलिसलाच सूट शिवा. दंडात काचला तर काचू दे. ब्रॅड हॅरिस १९६२ मध्ये हर्क्युलिस होता. १९६६ मध्ये ‘कोमिसार एक्स’ या हेरपटांच्या मालिकेत तो न्यूयॉर्कचा पोलीस कॅप्टन झाला. कोणी हूं की चूं केलं नाही.

मग नंबर घ्या. बाँडच्या ००७ ला हात लावू नका, वकील महाग असतात. ०७७ घ्या, ००८ घ्या, अगदीच काही नाही उरलं तर ३एस३. पोस्टरवर आकडा एवढा मोठा छापा की घाईत तिकीट काढणाऱ्याची नजर घसरलीच पाहिजे. नावांचंही तेच. लुचानो स्टेला म्हणून हेर खपत नाही, टोनी केंडल म्हणून खपतो. दिग्दर्शक सेर्जो ग्रिएको असेल तर त्याला टेरेन्स हॅथवे करून टाका. बारसं फुकट असतं.

पैसे? स्पेनचा एक भागीदार धरा, फ्रान्सचा एक, जमल्यास जर्मनीचा. प्रत्येक जण आपापला नट गळ्यात बांधेल, तो निमूट बांधून घ्या. सेटवर खलनायक स्पॅनिशमध्ये धमकी देईल, नायिका फ्रेंचमध्ये किंचाळेल, नायक इंग्रजीत विनोद करेल, आणि कोणाचं कोणाला कळणार नाही. बिघडलं कुठे? आवाज सगळ्यांचाच मागाहून भरायचा आहे. नायिकेचे ओठ मिटल्यावरही तिचं वाक्य चालूच राहिलं, तर प्रेक्षक त्याला गूढ व्यक्तिमत्त्व समजतो.

परदेश दाखवायला परदेशात राहावं लागत नाही. विमान उतरलं, टॅक्सी निघाली, मागे एक मिनार दिसला: झालं इस्तंबूल. हॉटेलच्या खोलीपासून पुढचं सगळं रोममध्ये. खलनायकाच्या तळघराला चार रंगीत दिवे आणि एक टेपरेकॉर्डर पुरतो. फक्त त्याची चाकं फिरती ठेवा.

एवढं करूनही मन भरत नसेल, तर उधारीची परमावधी ऐका. बाँड झालेला खुद्द शॉन कॉनरी परवडत नाही ना? त्याचा धाकटा भाऊ आणा! ही माझी कल्पना नव्हे, १९६७ मध्ये हे खरंच घडलंय. चित्रपटाचं नावच ‘ओके कॉनरी’. नील कॉनरी एडिनबराचा, भिंतींना गिलावा करणारा माणूस. त्याला पडद्यावर प्लास्टिक सर्जन केला, म्हणजे धंदा फार बदलला नाही. शिवाय संमोहनही त्यालाच येतं. इंग्रजी आवृत्तीत बोलतो मात्र दुसराच कोणीतरी. थोडक्यात, भावाचं आडनाव आणि परक्याचा आवाज. नीलच्या वाट्याला उरली ती दाढी.

तिथेच थांबायचं नाही. बाँडचा साहेब बर्नार्ड ली आणि त्याची सेक्रेटरी लोइस मॅक्सवेल यांनाच बोलावून घ्या. ‘थंडरबॉल’चा खलनायक अडोल्फो चेली आणा, ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ची डॅनिएला बियांकी आणा. ‘डॉक्टर नो’मधला अँथनी डॉसनही आणा, पण पत्ता नीट बघून, कारण त्याच नावाआड आंतोनिओ मार्गेरिती नावाचा इटालियन दिग्दर्शकही सिनेमे काढतोय. सगळं वऱ्हाड जमलं, नवरदेव तेवढा बदली. शेवटच्या हाणामारीत अणुयुगाचे हे वीर चक्क धनुष्यबाण घेऊन धावतात. मी ते दृश्य दोनदा मागे नेऊन पाहिलं; खरंच धनुष्यबाण आहेत.

संगीतात मात्र चिंगूसपणा नको. तिथे एन्यो मोरिकोने आणि ब्रुनो निकोलाई हे संगीतकार होते. डोळे मिटून घेतले तर सिनेमा महागडा वाटतो.

दोन-तीन वर्षांत पब्लिक हेरांनाही विटेल. सूट शिंप्याला परत करा, माणसं ठेवून घ्या. १९७० मध्ये टोनी केंडल घोड्यावर बसून काउबॉयपटातला जँगो झाला आणि ३एस३ वाला जॉर्ज आर्डिसन सार्ताना. ही दोन्ही नावंसुद्धा दुसऱ्यांच्या सिनेमांतून उचललेली.