रिव्हॉल्व्हर हिसकावलं नाही, होल्स्टरमधून सोडवलं

नमस्कार साहेब,

डेन्व्हरला आल्यावर मराठी माणसाचं जुन्या वस्तूंचं दुकान म्हणून तुम्ही मुद्दाम वाट वाकडी करून आलात आणि नाराज होऊन गेलात, याचं वाईट वाटलं. मुलासमोर तुम्हाला अवघडल्यासारखं झालं, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. पण दुकानाला एकच तारा देऊन तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय, ‘मालकाने रिव्हॉल्व्हर हातातून हिसकावून घेतलं, गिऱ्हाइकाला चोर समजतात, आणि चामड्याच्या पिशवीला रिव्हॉल्व्हरच्या निम्मी किंमत लावतात.’ हे चारचौघांत लिहिलंत, म्हणून उत्तरही इथेच देतो.

रिव्हॉल्व्हर मीच कपाटातून काढून तुमच्या हातात दिलं होतं. घोडा अर्धा ओढून, बाजूची झडप उघडून, गोळ्यांची सहाही घरं रिकामी असल्याचं दाखवलं आणि मग दिलं. चोर समजलो असतो तर काचेआडूनच दाखवलं असतं. तुम्ही हवा तितका वेळ पाहिलंत, फोटो काढलेत, मी चकार शब्द बोललो नाही. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो तेव्हा तुम्ही ते शेजारच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेला लावायच्या चामड्याच्या म्यानात, घालायला लागलात. ‘साहेब, आत घालू नका’ असं मी दोनदा म्हणालो. ते अर्ध्यावर अडकलं, तरी तुम्ही दाबत राहिलात. तेव्हा मी हात पुढे केला.

तो हात का पुढे केला, तेही ऐका. ते कोल्ट या अमेरिकन बंदूक कंपनीचं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ आहे, १८७३ सालचं मॉडेल, आणि आमच्याकडचा नग १८९८ च्या आधी बनलेला. नळीवरची निळसर झाक कारखान्यातून आली तशीच आहे. ती एकदा घासली गेली की गेली. नव्याने चढवली तर संग्राहक त्याला हात लावत नाहीत. होल्स्टरमध्ये घालता-काढताना नळीचं तोंड आणि गोळ्यांच्या फिरत्या सिलिंडरच्या कडा सगळ्यात आधी झिजतात. शिवाय जुनं चामडं हवेत असेल तेवढा दमटपणा धरून ठेवतं, कमावताना वापरलेल्या द्रव्यांचा अंश त्यात उरलेला असतो. आत ठेवलेल्या लोखंडाला हळूहळू गंज चढतो आणि बारीक खड्डे पडतात. म्हणून दोन्ही वस्तू शेजारी मांडतो, एकात एक कधीच नाही. सिनेमात कसंही दाखवोत.

होल्स्टरचं तर त्याहून नाजूक. इथली हवा कोरडी, चामडं आकसलेलं. जुनी पैठणी घडीवर विरते, तसं ते शिवणीवर तुटतं. टाका उसवला तर पुन्हा शिवता येतो, पण मग ते मूळचं राहत नाही आणि भाव उतरतो. तुम्ही दाबत होतात तिथेच, खालच्या टोकाला, धागा ताणून पांढरा पडला होता. नशिबाने तुटला नाही.

आता किंमत. ज्याला तुम्ही पिशवी म्हणालात, त्यावरची फुलं हाताने कोरलेली आहेत. पाकळीच्या आतल्या बाजूला अवजाराचे बारीक ठोके भिंगाशिवाय दिसतात. पाठीवर हायझर, डेन्व्हर हा छाप स्पष्ट वाचता येतो. याच शहरातला हा त्या काळचा नावाजलेला खोगीरवाला. असे छाप असलेले, न दुरुस्त केलेले नग शोधत लोक लांबून येतात. आणि हे होल्स्टर याच रिव्हॉल्व्हरचं आहे असं मी तुम्हाला सांगितलं नाही. कोल्टकडून जुन्या नोंदी बघून मिळणाऱ्या पत्रात रिव्हॉल्व्हर कधी आणि कुठे रवाना झालं ते कळतं, होल्स्टरबद्दल त्यात काही नसतं. जोडी म्हणून खपवलं असतं तर जास्त पैसे आले असते. तसा धंदा मला करायचा नाही, म्हणूनच दोन वेगळ्या चिठ्ठ्या लावल्या आहेत.

कपाटाजवळ आता ठळक पाटी लावतोय. फोटोसाठीही काहीतरी सोय करतो, बघतो कसं जमतं ते.

तुमच्या मुलाला दोन्ही वस्तूंचा शेजारी ठेवून काढलेला चांगला फोटो हवा असेल तर पाठवतो, त्याचे पैसे नाहीत. आणि शक्य झालं तर त्या एका ताऱ्याचा फेरविचार करा. दुकान छोटं आहे, नवं गिऱ्हाईक आधी तेवढंच बघतं.