येणे बाकी

परवापासून गावात सात जणांनी माझी तब्येत विचारली. एकानं तर नागपूरच्या डॉक्टरचा पत्ताही दिला. मला काही झालेलं नाही. मी फक्त मृत्युपत्र केलं.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, माझं कृषी केंद्र, पोरं दोन्ही लहान. एकाच मोटारसायकलवर दोघं जातो-येतो, आणि एखाद्या ट्रकनं दोघांनाही नेलं तर पोरं कोणाकडे, हा प्रश्न तिलाच पडला. १९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यानं पोरांचा पालक मृत्युपत्रात नेमता येतो. 'बँकेत नॉमिनी आहे नं' म्हणून मी टाळत होतो. वकील म्हणाले, नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारस. वर साधा कागद चालतो, स्टॅम्प नाही, नोंदणीची सक्ती नाही. फक्त दोन साक्षीदार हवेत. एक शाळेतले गुरुजी. दुसरे मामाजी.

साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नसते, हे मी मामाजींना तीनदा सांगितलं. ते 'होय, होय' म्हणत धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत राहिले आणि कचेरीसमोरच्या टपरीवर मोठ्यानं वाचायला लागले. शेत दोन हेक्टर दहा आर. घर. टपरीवाल्यानं ऐकू यावं म्हणून स्टोव्ह बारीक केला. मग आली दुकानाची येणे बाकी. तिसऱ्या ओळीवर मामाजींचं बोट थांबलं.

"हे का होय बापा? माह्यं नाव?"

"उधारी आहे मामाजी, अठरा हजार चारशे. तीही मालमत्ताच."

"म्हंजे तू मेल्यावर बी मले देनंच आहे?"

"देणंच आहे."

"मंग तुह्या मरन्याचा मले काय फायदा?"

टपरीवर कोणी हसलं नाही. सगळ्यांना मुद्दा पटला होता.

"आकडा खोड, मंग सही करतो."

"खोडलं तर तिथंही माझी न् तुम्हा दोघांची सही लागते."

"मंग करू नं. शाई काय माह्या घरची हाय?"

हसायला ठीक आहे. पण खत-बियाणं जूनमध्ये नेतात ते कापूस विकल्यावर देतो या बोलीवर, आणि भाव पडला की बोलीही पडते. कंपनीचं बिल मला मुदतीतच भरावं लागतं. तीन वर्षं उलटली की नुसत्या उधारीचा दावाही चालत नाही. पोरांसाठी काय ठेवतोय मी? एक लाल वही. मामाजींच्या कपाशीतली बोंडअळी मी स्वतः बोंड फोडून पाहिली आहे, म्हणून तोंड उघडत नाही. राग यायचा तो येतोच.

शेवटी चहा, भजी आणि दोन पानांवर सही झाली. पैसे मीच दिले. आज सकाळी दुकान उघडतो तर मामाजी पायरीवर.

"सोयाबीनच्या दोन बॅगा दे."

"पैसे?"

"लिहून ठेव नं. आता त वकिलाच्या कागदावर हाय माह्यं नाव."